गोलकीपरची पाठ

एनॉक गेला तेव्हा तीन वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि तिन्ही शहाण्यांनी त्याच्या हातांबद्दल लिहिलं. म्हणे फावड्याएवढे पंजे होते. मी त्याची सख्खी बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्या हातांनी तो माझ्या ताटातलं मटण पळवायचा तेव्हापासून मी ते ओळखते, आणि तुम्हांला सांगते, त्यांत काही विशेष नव्हतं. एल्डरमथ टाउनच्या गोलात माझा भाऊ बारा वर्षं उभा राहिला तो पाठीच्या जोरावर. पण पाठीची गोष्ट सांगायची तर आमच्या बाबांची अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागते. बाबांनी ती एकदा आपल्या हातांनीच वीस हजार माणसांपुढे मांडली होती, त्यामुळे मी आता भीड धरत नाही.

आमच्या हॅगथॉर्पमध्ये खाणीत जाणारा पुरुष तेव्हा पाठ धूत नसे. पाठ धुतली की कणा मऊ पडतो, हे आमच्या लोकांचं पक्कं मत. पाळी संपवून पुरुष घरी आला की चुलीसमोर घंगाळं मांडायचं, त्यात कढत पाणी ओतायचं, मग डोकं, छाती, हात, पाय खसाखसा घासायचे. पाठीला मात्र कुणी फडकंसुद्धा लावायचं नाही. गावातला पैलवान गडी सदरा काढून उभा राहिला की पुढून माणूस आणि मागून कोळशाचं पोतं.

या धर्माचे सगळ्यांत मोठे उपदेशक म्हणजे आमचे बाबा, मॅथ्यू रेन. कोळसा फोडण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या खाणीत कुणी नव्हता. खाली लोक उघड्या अंगानं काम करायचे, बाबा मात्र फ्लॅनेलचा सदरा घालून. छातीला गारवा बाधतो म्हणायचे. सदरा घालूनही त्यांच्या कोळशाच्या गाड्या इतरांपेक्षा जास्त भरायच्या, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. "पाठ म्हणजे झाडाची साल," ते सांगायचे. "साल काढली की झाड गेलं." समोर बसलेले माना डोलवायचे.

आमची आई सुझॅना, समुद्रकाठच्या मासेवाल्यांची मुलगी. तिच्या चादरी गावात प्रसिद्ध होत्या. सोमवारी सगळ्या बायका गल्लीभर दोऱ्या बांधून धुणं वाळत घालायच्या. इतरांच्या चादरींवर मधोमध माणसाएवढा करडा डाग, कितीही उकळा, जायचा नाही. आमच्या चादरी पांढऱ्याशुभ्र. शेजारची जॉबलिंगबाई दर सोमवारी विचारायची, "सुझॅना, साबण कुठला गं?" आई म्हणायची, "साबण तोच. मनगट लागतं." मलाही ते खरं वाटायचं. बाबांचं घंगाळं आमच्याकडे चुलीसमोर नसायचं, मागच्या धुण्याच्या खोलीत असायचं. आई पाणी घेऊन आत जायची आणि दार लावून घ्यायची. पोरांनी बापाला उघडं बघू नये, असं बाबा सांगायचे. चॅपलला नेमानं जाणारा माणूस, लोकांना ते शोभून दिसायचं.

माझा थोरला भाऊ नेड एकोणीस वर्षांचा असताना छताचा दगड अंगावर पडून खाणीतच गेला. त्याला फळीवर घालून घरी आणलं, तेव्हा पायांत बूट तसेच होते. आईनंच ते काढले. त्यानंतर एनॉक रोज पाळीला निघाला की आई दारात उभी राहायची आणि त्याच्या पायांकडे बघायची, तोंडाकडे नाही. म्हणून एल्डरमथ टाउनचा माणूस जेव्हा खाणीच्या ढिगाऱ्यामागच्या मैदानावर एनॉकचा खेळ बघून गेला आणि आठवड्याला तीन पौंडांवर त्याला घेतो म्हणाला, तेव्हा आई जी रडली, ती नेडच्या वेळीही रडली नव्हती. एनॉकनं खाणीतले बूट दाराआड ठेवले. "असू दे गं," तो म्हणाला. "उद्या हाकललं तर लागतील." आईला त्या बुटांशेजारून झाडू मारायचीही चीड यायची.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. त्या काळी गोलकीपरनं चेंडू धरला तरी त्याची सुटका नसे. समोरच्यांनी खांद्यानं धडक मारून त्याला चेंडूसकट गोलात ढकललं तरी तो गोलच धरायचे. एनॉक चेंडू धरायचा, गर्रकन वळायचा आणि पाठ द्यायचा. आले तितके आपटून खाली पडले. चौदाव्या वर्षापासून दोन हात उंचीच्या कपारीत आडवं पडून कोळसा फोडलेली पाठ ती. एल्डरमथचे लोक त्याला काळपाठ्या म्हणायला लागले, कारण सामना संपल्यावर सगळा संघ मोठ्या हौदात डुंबायचा, आणि आमचा एनॉक भिंतीला पाठ चिकटवून छातीपुरता ओला व्हायचा. खाण सोडून वर्ष झालं तरी पाठीवरचा काळा थर त्यानं जिवापाड जपला होता.

संघाचे ट्रेनर क्रॉदर हे दूरच्या लँकेशरचे. त्यांना ही घाण खपेना. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी पाच खेळाडू कामाला लावले, एनॉकला हौदाच्या काठावर पालथा पाडला आणि स्वतः ब्रश घेऊन बसले. एनॉक ओरडत होता, "क्रॉदरसाहेब, पाया पडतो, पाठ नको!" क्रॉदर म्हणाले, "गप पड. तीन वेळा पाणी बदललं, अजून शाई निघतेय."

दुसऱ्या दिवशी एनॉकनं पाच गोल खाल्ले.

हॅगथॉर्पमध्ये सुतक लागलं. बाबा चौकात उभे राहून गर्जले, "क्रॉदरनं माझ्या पोराचा कणा गटारात वाहवला!" लोकांनी हळहळून मान हलवली. एनॉकला राखीव संघात टाकलं. तिथंही तेच. कुणी धावत अंगावर आलं की धडक बसायच्या आधीच त्याच्या हातून चेंडू सुटायचा. मारणाऱ्याला काही मारावंच लागायचं नाही. लोक ओरडायचे, "काळपाठ्या, परत कोळशात लोळून ये!" आणि खरं सांगते, तो एकदा गुपचूप तेही करून आला. पालथ्या घड्यावर पाणी.

फेब्रुवारीत कपाच्या सामन्यात लंडनकडचा मोठा संघ एल्डरमथला यायचा होता, थेम्सगेट रोव्हर्स. त्यांचा स्टॅनब्रिज म्हणून एक पुढचा गडी होता, रेड्यासारखा. गोलकीपरांच्या फासळ्या मोडण्याबद्दलच त्याचं नाव. सामना शनिवारी, आणि मंगळवारी आमच्या संघाच्या गोलकीपरचं बोट मोडलं. दुसरा कुणी नव्हता. एनॉकला सांगितलं, तू उभा राहा. पुन्हा तसंच झालं तर वसंतात नवा करार नाही.

बुधवारी एनॉक घरी आला. आम्ही चहाला बसलो होतो.

"मी शनिवारी उभा राहत नाही," तो म्हणाला. "सोमवारी खाणीत नाव घालतो. बूट आहेत ना दाराआड?"

आई पाव कापत होती. तिची सुरी थांबली. "आहेत," ती म्हणाली. "नेडचेही होते."

"आई, पाठीत जीवच राहिला नाही गं. कोणी आलं की मोडेल असं वाटतं."

"पाठ धुतली की मोडते, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? बाबांनी. सगळ्या गावानं."

आईनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि बाबांकडे न बघता बोलली, "तर मग ऐक. तुझ्या बापाची पाठ मी अठ्ठावीस वर्षं रोज घासतेय. लग्नाला तीन दिवस झाले होते. माझ्या आईनं दिलेल्या चादरीवर माणसाच्या आकाराचा डाग पडला. मी म्हटलं, एक तर पाठ धुवायची, नाहीतर जमिनीवर झोपायचं. हा दोन रात्री जमिनीवर झोपला. तिसऱ्या दिवशी आला गुपचूप धुण्याच्या खोलीत. रोज घासते, साबण लावून. आता सांग, मोडली का त्याची पाठ?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. चादरी, लावलेलं दार, फ्लॅनेलचा सदरा, सगळं एका दमात डोक्यात लख्ख झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात; आमचे बाबा तर कोरडेसुद्धा नव्हते.

एनॉक बाबांकडे वळला. "बाबा? खरं आहे हे?"

बाबा चहात बघत होते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, हो. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. खाणीत पंचवीस वर्षं मिरवलेलं नाव त्या एका शब्दात जाणार होतं.

"पोराला धीर द्यायला आई काहीही बोलते," बाबा म्हणाले. "बायकांचं काय मनावर घेतोस."

मला त्यांचा इतका राग आला की मी उठून चुलीत नको असताना कोळसा घातला. एनॉक निघताना आईनं त्याचा कोट धरला. "शनिवारी उभा राहा. मग सोमवारी तुला जायचं तिथं जा. एवढं माझ्यासाठी कर." तो बरं म्हणाला. तो गेल्यावर तिनं एक जुनी गोधडी काढली आणि बाबांच्या पायांशी टाकली. "चादर धुतलेली आहे," ती म्हणाली. "तिच्यावर काळी पाठ नको."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, बाबा जमिनीवर. त्या तीन दिवसांत दोघांत जे काही बोलणं झालं ते माझ्यामार्फत. "हॅना, तुझ्या बापाला सांग, मीठ तिकडं आहे." "हॅना, तुझ्या आईला सांग, मला दिसतंय."

शनिवारी सकाळी अख्खं गाव गाडीनं एल्डरमथला निघायचं होतं. मी अंगणात पंपावर पाणी भरत होते. धुण्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाबा ब्रश घेऊन आईसमोर उभे होते.

"घे. घास."

"कशाला? जमीन मानवली ना तुला?"

"सुझॅना, घास म्हणतो ना. आणि नीट घास. दिसायला पाहिजे."

कुणाला दिसायला पाहिजे, ते मला कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण तिनं ब्रश हातात घेतला. तिनं असं घासलं की आवाज पंपापर्यंत येत होता.

आम्ही हॅगथॉर्पचे लोक एनॉकच्या गोलामागेच कठड्याला टेकून उभे होतो. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. विसाव्या मिनिटाला बाजूनं एक उंच चेंडू आला. एनॉकनं तो सुरेख धरला. स्टॅनब्रिज धावत आला. तो अजून दोन पावलं लांब असतानाच एनॉकनं डोळे मिटले आणि चेंडू सुटला. स्टॅनब्रिजनं तो चालत चालत गोलात ढकलला. नुसतं चालत. जाताना एनॉकच्या गालावर थोपटूनही गेला.

"काळपाठ्या, घरी जा!" चारी बाजूंनी ओरडा झाला. बाबांच्या खाणीतला जोडीदार टॉमी जॉबलिंग आमच्याजवळच होता. तो म्हणाला, "बिचारा! त्या क्रॉदरला फाशी द्यायला पाहिजे. नाही का रे मॅथ्यू?" बाबांनी टोपी आणखी खाली ओढली. आई मैदानाकडे बघत नव्हती. ती एनॉकच्या पायांकडे बघत होती.

मध्यंतराला संघ बाजू बदलतात, आणि आमच्याकडचे प्रेक्षकही आपल्या गोलकीपरमागून चालत पलीकडच्या टोकाला जातात. आम्ही तिथं पोचलो तेव्हा एनॉक मान खाली घालून गोलाकडे येत होता. बाबांनी टोपी काढून टॉमीच्या हातात दिली. मग कोट. मग जाकीट. मग फ्लॅनेलचा सदरा डोक्यावरून ओढून काढला.

"मॅथ्यू, वेड लागलं का? गारठून मरशील!"

बाबांनी कठड्याकडे पाठ केली. माझ्या जन्मात मी ती पहिल्यांदा पाहिली. सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी. तिच्यावर दगड लागून भरलेल्या जखमांच्या निळ्या रेघा होत्या, आमच्या लोकांच्या अंगावर असतात तशा, पण मधली कातडी लख्ख गोरी, ब्रशानं लालसर झालेली. हॅगथॉर्पचे दोनशे लोक माना लांब करून बघायला लागले. टॉमी जॉबलिंगच्या हातून टोपी पडली.

"एनॉक!" बाबांनी हाक मारली. "वर बघ! अठ्ठावीस वर्षं! रोज! साबण लावून!"

एनॉक जागीच थांबला.

"बुधवारी खोटं बोललो," बाबा म्हणाले. "तुझी आई खरं बोलत होती. पाठीला काही झालेलं नाही तुझ्या. माझ्याच घरची पाठ आहे ती."

टॉमीला आता वाचा फुटली. "अरे लबाडा! आणि आम्ही तुझं ऐकून पंचवीस वर्षं घाणेरडे झोपतोय!"

दोनशे माणसं हसायला लागली. एक पोलीस आला. "काका, कपडे घाला, इथं बायका आहेत."

"मुलाशी बोलतोय," बाबा म्हणाले आणि तसेच उभे राहिले. बाबांबद्दल मला जेवढा म्हणून राग होता, तो त्या क्षणी विरघळला. मी रडत होते आणि हसतही होते. लाज वाटण्याचं भान कुणाला होतं! एनॉकनं बाबांच्या पाठीकडे बघितलं, मग आईकडे. आईनं फक्त मान हलवली. मग तो खो खो हसत सुटला. दोन महिन्यांत तो हसला नव्हता.

पाचच मिनिटांनी तसाच उंच चेंडू आला. एनॉकनं धरला. स्टॅनब्रिज निघाला, या खेपेला पूर्ण वेगात, कारण त्यालाही तो हसताना दिसला होता. एनॉक वळला, पाय रोवले आणि पाठ दिली. आवाज आम्ही ऐकला. स्टॅनब्रिज मागच्या मागे उडाला आणि चिखलात बसला. एनॉक तसूभर हलला नव्हता. त्यानं चेंडू लांब मारला, मग वाकून स्टॅनब्रिजच्या गालावर थोपटलं.

"लागलं का रे?" त्यानं विचारलं.

त्यानंतर मैदानाला जे उधाण आलं ते मला सांगता येणार नाही. स्टॅनब्रिज आणखी चार वेळा आला. चौथ्या वेळेनंतर तो लंगडत लांब जाऊन उभा राहिला आणि त्या बाजूला फिरकला नाही. आमच्या पोरांनी एक गोल फेडला आणि शेवटच्या दहा मिनिटांत दुसरा चढवला. दोनास एक. लोकांनी एनॉकला खांद्यावर घेतलं. सगळं मैदान ओरडत होतं, "काळपाठ्या! काळपाठ्या!" आणि एनॉक सदरा वर करून स्वच्छ पाठ सगळ्यांना दाखवत होता. हौदात उतरल्यावर त्यानं स्वतः हाक मारली म्हणे, "क्रॉदरसाहेब, ब्रश आणा."

कप आम्हांला मिळाला नाही. पुढच्याच फेरीत हरलो, त्याचं खोटं कशाला सांगू. पण करार झाला, आणि त्यानंतर मधली लढाईची वर्षं सोडून तो गोल माझ्या भावाचाच राहिला. त्याला धडक मारायला नको म्हणून लोक लांबून चेंडू मारायला शिकले.

बाबांचं काय झालं, ते विचाराल. सोमवारी ते खाणीत सदरा न घालता उतरले. कुणी शीळ घातली, कुणी विचारलं, "मॅथ्यूबाई, पावडर लावू का?" बाबा कोळसा फोडत राहिले. पाळी संपली तेव्हा त्यांच्या गाड्या टॉमीपेक्षा पाचनं जास्त भरल्या होत्या, आणि टॉमीनंच वर येऊन ते गावभर सांगितलं. त्या आठवड्यात दुकानातले अंग घासायचे ब्रश संपले. जॉबलिंगबाई आमच्या दारात आली आणि सवयीनं म्हणाली, "सुझॅना, साबण कुठला गं?" आई म्हणाली, "साबण कुठलाही चालतो. नवऱ्याला दोन रात्री जमिनीवर झोपवता आलं पाहिजे."

पण मला आठवते ती त्याच शनिवारची संध्याकाळ. आम्ही सामन्याहून परतलो. बाबा शिंकत होते, खांद्यावर दोन शाली. आई आत आली, अंगावरचा कोटही काढला नाही, सरळ दाराआड गेली आणि एनॉकचे खाणीतले बूट उचलले. चुलीचं झाकण काढलं, एक बूट आत घातला, नीट पेटेपर्यंत थांबली, मग दुसरा घातला. घरभर जळक्या चामड्याचा वास पसरला.

बाबा बघत बसले होते. "चांगले होते गं," ते हळूच म्हणाले. "अजून चार वर्षं चालले असते."

"म्हणूनच," आई म्हणाली, आणि झाडू घेऊन तो कोपरा झाडायला लागली.